अडखळायचं काम

नऊ वर्षं मी न समजण्याचं काम केलं आणि, स्वतःच्या तोंडानं सांगते, चांगलं केलं.

भिलाईतल्या एका दवाखान्यात नैतिकता समिती होती. अजूनही आहे, पण ते पुढे सांगते. एखादं नवं औषध माणसांवर तपासून बघायचं असेल, तर डॉक्टरांना आधी या समितीपुढे कागद ठेवावे लागतात. रुग्णाला धोका काय, फायदा काय, त्याला सगळं नीट सांगितलं जाणार आहे का, नको म्हणायची मोकळीक आहे का, हे समिती बघते. तिच्यात डॉक्टर असतात, एक वकील असतो, दवाखान्याबाहेरचा अध्यक्ष असतो. शिवाय नियमाप्रमाणे एक माणूस असा लागतो, ज्याला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. कागदावर त्याला 'सर्वसामान्य सदस्य' म्हणतात. मी शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवून तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. नवऱ्यानं नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "इतके दिवस मी सांगून राहिलो होतो, आता लेखी आलं."

बैठक महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी तीनला, दवाखान्याच्या वाचनालयात असायची. एक लांब टेबल, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, आणि चहाबरोबर समोसे. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. डॉक्टर लोक औषधाबद्दल बोलायचे, वकील विम्याबद्दल विचारायचे, आणि सगळ्यांचं झालं की न्यायाधीश साहेब चष्मा वर ढकलून माझ्याकडे बघायचे.

"मैडम, कहां अटकीं?"

कारण माझं काम एवढंच होतं. रुग्णाच्या हातात जो संमतीचा कागद जाणार, तो मी घरी मोठ्यानं वाचायचा. वाचताना जिथे अडखळेन, त्या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल करायचं. शाळेत मुलांच्या वह्यांवर मी लाल शाईनं गोल करत आले होते, इथे मात्र पेन्सिल घेतली, कारण चूक लिहिणाऱ्याची की वाचणाऱ्याची हे ठरायचं असायचं. ही पद्धत मीच पाडली. पहिल्या बैठकीत एका तरुण डॉक्टरांनी वैतागून विचारलं होतं की 'यादृच्छिक' या शब्दात न कळण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं, की कोणाला काय मिळणार ते नाणं उडवल्यासारखं ठरतं. मी म्हटलं, मग ही तीन वाक्यंच लिहा ना. न्यायाधीश साहेब हसले आणि तेव्हापासून माझी अडखळ कार्यवृत्तात वेगळ्या मथळ्याखाली जाऊ लागली.

बैठक संपली की मी बोरसीला घरी न जाता कॅम्प-1ला ताईकडे जायची.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचे वडील नागपूरकडून कारखान्यात आले, तेव्हा सेक्टर 2 मध्ये क्वार्टर मिळालं होतं. आम्ही दोघी तिथेच वाढलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. शाळा हिंदी, बाजार हिंदी, शेजारी एका बाजूला ओडिया आणि दुसऱ्या बाजूला तेलुगू. आईला मराठी वाचता यायचं. आम्हाला ती शिकवणार होती, ते राहून गेलं. मी पुढे हट्टानं शिकले, कारण हिंदी शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या आईची भाषा वाचता येत नाही याची मला लाज वाटायची. ताईला कसली लाज वाटत नसे. ती अखंड मराठी बोलायची आणि अखंड हिंदी वाचायची. सकाळचा पेपर पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत, रोज.

दारात चप्पल काढायच्या आत तिचा प्रश्न यायचा. "आज कुठं अटकली?"

समितीतलं बाहेर बोलायचं नाही, अशी मी सही केलेली होती. कोणतं औषध, कोणता आजार, कोणते डॉक्टर, यातलं मी कधी काही सांगितलं नाही. फक्त शब्द सांगायची. ती चहा उकळत ठेवून विचार करायची. एकदा मी 'प्रतिकूल घटना' घेऊन गेले. औषधानं काही त्रास झाला तर, असा अर्थ होता.

"घटना?" ताई म्हणाली. "आमच्या गल्लीत घटना झाली म्हणजे पोलीस येते. औषध घेतलं त पोलीस कावून येईन?"

पुढच्या बैठकीत मी हे माझं म्हणून सांगितलं. कागदावर 'दवा से कोई तकलीफ़' असं आलं. खरी सर्वसामान्य सदस्य कोण होती ते मला आणि चहाच्या पातेल्यालाच ठाऊक होतं.

समितीचा आणखी एक रिवाज होता, तो इथे सांगायलाच हवा. सुरुवातीच्या वर्षात एका तेलुगू आजोबांचा प्रकार आमच्यापुढे आला होता. त्यांना कोणीतरी विचारलं, मातृभाषा कोणती? ते अभिमानानं म्हणाले, तेलुगू. मग त्यांच्या हातात तेलुगूतला कागद दिला गेला. आजोबा इथे जन्मलेले, इथे शिकलेले, तेलुगूचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. पण एवढ्या अभिमानानं सांगून झाल्यावर ते कबूल कोण करणार? त्यांनी सही करून टाकली. आमच्या गावात ही चूक कोणीही करेल. इथला प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे, आणि मातृभाषा विचारली की माणूस भाषा सांगत नाही, गाव सांगतो.

त्यानंतर आम्ही ठरवलं की मातृभाषा विचारायचीच नाही. विचारायचं एवढंच, पेपर कोणत्या भाषेत वाचता? प्रत्येक कागदाच्या माथ्यावर तो प्रश्न हिंदीत छापला जाऊ लागला. पेपर वाचत नसाल तर तुमच्या घरी कोण वाचतं, त्याला बोलवा. साधी गोष्ट होती. मला तिचा फार अभिमान होता, आणि अभिमान जरा जास्तच होता हेही आता कबूल करते.

मग सगळं बदललं.

एकाच औषधाची तपासणी एका वेळी बऱ्याच शहरांत चालते. पूर्वी प्रत्येक शहरातली समिती तेच कागद आपापले वाचायची. एक समिती म्हणायची 'जोखिम' काढा, दुसरी म्हणायची घाला. एकीची बैठक आज, दुसरीची दोन महिन्यांनी. शेवटी ठरलं की अशा बहुशहरी तपासण्यांसाठी दूरच्या एका मोठ्या शहरातली एकच समिती सगळे कागद बघेल, आणि तिचा निर्णय बाकीच्यांनी मान्य करायचा. आमच्याकडे कागद फक्त माहितीसाठी येणार, माथ्यावरच्या आमच्या प्रश्नाशिवाय. सोबत एक पान, 'स्थानिक बाबींबद्दल काही सूचना?' उत्तर आठ दिवसांत ईमेलनं.

मी बैठकीत कडाडून भांडले. त्या शहरातल्या लोकांना कॅम्प-1 कसं कळणार, खुर्सीपारमध्ये कोण काय वाचतं हे त्यांना कोण सांगणार, वगैरे. आमच्या सदस्य-सचिव म्हणजे समितीचं सगळं कामकाज बघणाऱ्या डॉक्टरीणबाई. मूळच्या केरळच्या, हिंदी माझ्याहून स्वच्छ. त्यांनी माझं सगळं बोलून होऊ दिलं. बाकीचे उठून गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मैडम, वो सुपेला वाली याद है?"

मला आठवत नव्हतं. त्यांनी आठवण करून दिली. एका तपासणीचा कागद माझ्या गोलांपायी दोन बैठका अडला होता. गोल बरोबर होते, असं त्याही म्हणाल्या. पण तोवर बाकीच्या शहरांत जागा भरल्या आणि तपासणी आमच्याकडे सुरूच झाली नाही. सुपेलाची एक बाई दर सोमवारी येऊन विचारायची, सुरू झालं का? मग ती यायची थांबली.

"वो भी तो हमारी ही मरीज़ थी," त्या म्हणाल्या.

त्यांची बाजू खरी होती, आणि खरी होती म्हणूनच मला ती सहन झाली नाही. समजूतदार माणसानं काय केलं असतं? आठ दिवस तर आठ दिवस, म्हणून ते एक पान नीट भरून पाठवलं असतं. मी फुगून बसले. ठरवूनच टाकलंय तर वाचायचं कशाला, असा माझा हिशेब. ईमेल आला की मी त्यातली जोडलेली कागदपत्रं न उघडताच उत्तर द्यायची: 'कोई सूचना नहीं।' सही करणारे हात माझेच होते, पण मला वाटायचं मी त्या दूरच्या समितीला शिक्षा करते आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तेही काही झालं नाही.

हे ताईला मात्र सांगितलं नाही. दुसऱ्या गुरुवारी मी साडी बदलून, पर्स घेऊन, बैठक असो नसो, साडेचारच्या सुमाराला कॅम्प-1 गाठायची. ती विचारायची, आज कुठं अटकली? मी जुन्या कागदांतला एखादा शब्द काढून द्यायची. तिला ते इतकं आवडायचं, आणि मला तिच्यापुढे ती बाई राहायचं होतं, जिला न्यायाधीश विचारतात. एकदा मी 'प्लेसिबो', म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी, हा शब्द सांगितला तर ताई पातेल्यावरून मान न वळवता म्हणाली, "हा तर तू मागं बी सांगतला होता." मी म्हटलं, परत आला होता. तिनं चहा गाळायला घेतला.

त्याच हिवाळ्यात तिचा खोकला लांबला. ताई दर वर्षी रखिया बडी घालायची, म्हणजे कोहळ्याच्या किसाचे आणि उडदाच्या डाळीचे सांडगे. ही पद्धत इथलीच, शेजारच्या छत्तीसगढी बायकांकडून तिनं उचललेली. गच्चीवर जुनी धोतरं अंथरून अर्धी गच्ची ती पांढऱ्या ठिपक्यांनी भरून टाकायची. त्या वर्षी दोन जिने चढून ती वरच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार निघाला. कारण सापडलं नाही. उपाय फारसा नाही, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की एका नव्या औषधाची तपासणी सुरू होते आहे, अनेक शहरांत एकदम. अर्ध्या लोकांना औषध, अर्ध्यांना नुसती तशीच दिसणारी गोळी, कोणाला काय हे कोणालाच ठाऊक नसणार. घ्यायचं असेल तर कागद घरी नेऊन वाचा. हे मला भाचीनं फोनवर सांगितलं. भाची म्हणजे ताईची मुलगी, तिच्याजवळच राहायची. मला मनापासून आनंद झाला. मी या सगळ्याची माणूस, मला वाटलं ताई सुरक्षित हातांत आहे. कोणती तपासणी, कोणता कागद, हे मी विचारलं नाही. आपल्या समितीकडे आलेला असेल, तर घरच्या माणसाबद्दल बोलायचं नाही, बाहेर बसायचं, हा नियम मला तोंडपाठ होता. नियमाचा आधार घेऊन आळस करायला मला तेव्हा छान जमलं.

पुढच्या गुरुवारी गेले तर ताई खाटेवर उशीला टेकून बसली होती. चहा भाचीनं केला. ताईनं या वेळी शब्द विचारला नाही.

"छोटी, तुमच्या कमिटीत कागद येते, थो तू पूर्ण वाचत असशीन ना?"

"शब्द न् शब्द," मी म्हटलं.

"सगळेच?"

"एक सुटत नाही."

"अन् जे बरोबर नाही वाटलं, त्याले गोल?"

"गोल केल्याशिवाय सोडते का मी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, धापेमुळे थांबली आहे. मग म्हणाली, "मंग ठीक आहे," आणि भाचीला सांगितलं, मावशीला डब्यातल्या बड्या बांधून दे, यंदाच्या थोड्याच झाल्या.

दहाएक दिवसांनी कळलं की तिनं तपासणीला नाही म्हटलं. मी धावत गेले. समजावलं, रागावले, हक्कानं रडलेही. ती शांत होती.

"नाही जमत मले, बाप्पा. या वयात कावून कोणाच्या हाताखाली जाऊ?"

"हाताखाली कसलं, ताई? गोळी घ्यायची आहे."

"थे राहू दे. तुले ऊन लागलं दिसते, पाणी पी."

तिच्या 'हाताखाली' या शब्दावर मी अडखळायला हवं होतं. माझा तो धंदाच होता. पण मी पाणी प्याले आणि हट्टी आहेस म्हणून तिला दोन गोष्टी सुनावल्या.

ताई त्यानंतर एक हिवाळा राहिली. शेवटी शेवटी ती वाक्यं लहान करत गेली, मग नुसतं नाव, मग नुसतं बघणं. मी रोज जायची. पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. मी पान चुकवून उलटलं की ती बोट वर करायची, म्हणजे निधनवार्ता राहिल्या. तिला सगळं लागायचं.

ती गेल्यावर महिन्याभरानं भाचीनं मला दवाखान्याची फाइल दिली. "मावशी, हे तूच बघ. मेरे से नहीं होता." एक्स-रे, चिठ्ठ्या, रिपोर्ट, आणि त्यांच्या मागे दुमडलेला तो संमतीचा कागद. मराठीतला. पहिली ओळ वाचूनच कळलं की स्वच्छ, छापील, दूरच्या शहरातलं मराठी आहे. 'हा अभ्यास तुमच्यासारख्या रुग्णांवर करण्यात येत आहे.' आणि 'अभ्यास' या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केलेलं होतं. दुसऱ्या ओळीत पुन्हा. त्या पानावर जिथे जिथे तो शब्द होता, तिथे तिथे. समासात ताईचं टपोरं हिंदी अक्षर: 'मुझ पर अभ्यास?'

ज्यांनी तो कागद लिहिला त्यांचं काही चुकलं नव्हतं. मराठीत अभ्यास म्हणजे खोलात शिरून बघणं. पण हिंदीत अभ्यास म्हणजे सराव. नवशिका पेटीवर करतो तो. ताईच्या बोलण्यातला अभ्यास पोरांच्या वह्या-पुस्तकांपुरता, आणि देवनागरीत छापलेलं काही समोर आलं की तिचे डोळे हिंदीच वाचायचे. तिनं वाचलं की डॉक्टर तिच्यावर हात बसवणार आहेत. कोणाच्या हाताखाली, ते मला एक वर्षानं कळलं.

"पण मराठी कागद कशाला घेतला तिनं?" मी भाचीला विचारलं.

"ते विचारले ना, मातृभाषा कोणती? आई एवढ्या तोऱ्यात बोलली, मराठी." भाची डोळे पुसत हसली. "मी म्हटलं होतं, आई, हिंदीवाला ले लो. तर म्हणते, आता सांगून बसली मी."

"आणि मला का नाही विचारलं?"

"विचारलं ना तिनं. त्या दिवशी. तू म्हणाली, सगळं वाचते. तू गेल्यावर आई म्हणे, छोटीनं वाचून पास केलं आहे, मंग शब्द बरोबरच असंन, खरंच सराव असंन. म्हणे, तिले काही नको सांगू, तिच्या कमिटीचं आहे, तिले वाईट वाटंन."

मी घरी आले आणि कॉम्प्युटर उघडला. कागदाच्या कोपऱ्यात तपासणीचा क्रमांक होता. तोच क्रमांक माझ्या ईमेलमध्ये सापडायला वेळ लागला नाही. खाली जोडलेल्या फाइलींची नावं होती. त्यात 'हिंदी प्रत' होती, 'मराठी प्रत' होती. दोन्ही मी तोवर उघडलेल्या नव्हत्या. वर माझं उत्तर, ईमेल आल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत: 'कोई सूचना नहीं।'

म्हणजे ताईचं बरोबर होतं. तो कागद माझ्या हातून गेला होता.

औषधानं तिला काही गुण आला असता का, हे मी छातीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तपासणी अजून चालू आहे, आणि ताईला औषध मिळालं असतं की नुसती गोळी, कोणी सांगावं. खरंच असेल. पण मला औषधाचं दुःख नाही. मला राहून राहून वाटतं, मी 'शब्द न् शब्द' म्हटलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं, त्या वेळी तिच्या मनात काय गेलं असेल. सख्ख्या बहिणीनं आपल्याला कोणाच्या तरी सरावाला दिलं, असं मानून तिनं मला बड्या बांधून दिल्या. त्या आम्ही खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

मी राजीनामा लिहून डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी राजीनामा वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"ये तो आसान वाला काम है, मैडम," त्या म्हणाल्या, आणि ड्रॉवरमधून स्थानिक बाबींचं ते एक पान काढून माझ्यापुढे ठेवलं.

त्या पानावर मी दोन गोष्टी लिहिल्या. एक, या भागात जाणाऱ्या मराठी कागदात 'अभ्यास' लिहू नका. दोन, मातृभाषा विचारू नका, पेपर कोणत्या भाषेत वाचता ते विचारा. का, तेही लिहिलं, कोणाचं नाव न घेता. पंधरा दिवसांनी त्या दूरच्या समितीतून एका बाईंचा फोन आला. मी भांडायच्या तयारीत होते. बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "तुमचं पान वाचलं. तुमच्याकडे 'अभ्यास' वाचून लोकांना नेमकं काय वाटतं, ते जरा समजावून सांगाल का? माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

मी म्हटलं, "सराव."

त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारून बघितला. मग त्या म्हणाल्या, "असं आमच्यापर्यंत कोणी पोहोचवतच नाही हो. सगळीकडून 'सूचना नाही' असंच येतं."

शब्द बदलला. 'संशोधन' आला. प्रश्नही बदलला, आणि आमच्या एका गावापुरता नव्हे. ज्या ज्या शहरांत त्या समितीचे कागद जातात, तिथे सगळीकडे. आमची जुनी समिती एवढं कधीच करू शकली नसती, आणि हे मी खाली मान घालून लिहिते. तरीही मला ते टेबल आठवतं. कूलर, समोसे, न्यायाधीश साहेबांचा वर ढकललेला चष्मा. साहेब आता मुलाकडे राहतात, दुसऱ्या राज्यात. टेबलाची आठवण म्हणजे खरं तर त्यानंतरच्या साडेचारची आठवण आहे, एवढं मला कळतं. तीनची बैठक मी त्यासाठीच करत होते.

आता ईमेल आला की मी सगळ्या प्रती छापून घेते. हिंदी, मराठी, दोन्ही. बोरसीच्या घरात दुपारी खिडकीशी बसून मोठ्यानं वाचते. नवरा आतून म्हणतो, जरा जोरात, मलेही समजू दे. तोही अडखळतो कधी कधी, त्याचेही गोल मी करते. आठ दिवसांच्या आत पान भरून जातं.

कागदाच्या अगदी वर, पहिल्या ओळीच्याही आधी, आता तो प्रश्न छापलेला असतो: तुम्ही वर्तमानपत्र कोणत्या भाषेत वाचता? समजायला अवघड त्यात काहीच नाही. मी दर वेळी तिथेच अटकते. तिचं उत्तर मला माहीत आहे. हिंदी, ताई. हिंदी सांग.